फॉरवर्ड केलेल्या ई-मेलमधली छायाचित्रे जातात कुठे?

समजा, अकोले तालुक्यातील भाच्याने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची छायाचित्रे ई-मेलने धाडली. अहिल्यानगरच्या मामांनी तो मेल पुण्याच्या नातलगांना फॉरवर्ड केला, जागा मोकळी करण्यासाठी मूळ मेल पुसला आणि पुण्याला पोहोचल्या केवळ रिकाम्या चौकटी. पुसण्याची घाई नेमकी इथेच नडते.

ई-मेल ही मुळात निव्वळ मजकुरासाठी घडलेली व्यवस्था. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ पद्धतीमुळे चित्रे व ध्वनी अक्षरांचे रूप घेऊन तिच्यातून जाऊ लागले. मजकुरामध्ये दिसणारे चित्र प्रत्यक्षात मेलचा निराळा भाग असते. मजकुरात असते ती केवळ त्याची खूण. फॉरवर्ड करताना ‘प्लेन टेक्स्ट’ निवडलेले असल्यास ही खूणच गळते. काही चित्रे तर मेलमध्ये नसतातच, दूरच्या संकेतस्थळावरून ओढली जातात. तेथून काढली की सर्वांकडूनच नाहीशी होतात. अशी चित्रे आधी संगणकावर उतरवून घ्यावीत.

प्रथम ‘सेंट’मधील प्रत उघडावी. तिथे चित्रे दिसत असतील, तर दोष बहुधा समोरच्याच्या मेल-प्रोग्रामचा. दिसत नसल्यास मूळ मेल ‘एचटीएमएल’ स्वरूपात पुन्हा पाठवावा किंवा, अधिक खात्रीचे म्हणजे, ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ वापरावे. त्यात आख्खे पत्र जसेच्या तसे जाते. ‘रिप्लाय’ने मात्र जोडलेल्या फाइली सहसा जात नाहीत.

मामांनी आता आधी ‘ट्रॅश’ पाहावे. जीमेलमध्ये पुसलेला मेल तिथे ३० दिवस राहतो.