पाकीट पेलाभर पाण्यात नको

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं, की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. ते मिठानं फोडींतून ओढलेलं असतं. पेशीच्या पातळ आवरणातून पाणी सहज जातं, मीठ तसं जात नाही. मग जिकडे मीठ-साखर दाट, तिकडे पाणी धावतं.

आमच्या गटातल्या एकीच्या लेकराला जुलाब लागले. तिनं १ लिटरचं ओआरएसचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं. तिला काय बोलणार? घट्ट तेच ताकदीचं, असं आम्हालाही वाटायचं. पण असं दाट पाणी अंगातलंच पाणी आतड्यात खेचतं. जुलाब वाढले, लेकरू दवाखान्यात न्यावं लागलं.

प्रमाण बरोबर असेल तर साखर मिठाला हाताशी धरून आतड्याच्या पेशीत शिरते आणि मागोमाग पाणीही अंगात येतं. म्हणून तर नुसतं पाणी पुरत नाही.

पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट-घोट पाजा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले, तर आशाताईंना हाक मारा आणि लगेच दवाखाना गाठा.