घरकुल मंजूर झालं, मग पैसे कुठे अडकतात?

कोणाला घरकुल मंजूर झालं असं ऐकलं की आपल्याला वाटतं, सव्वा लाख खात्यात पडले, आता भिंती उभ्या राहणार. तसं नसतं. हे पैसे कामाच्या मागून चालतात.

आज फक्त गावाकडच्या योजनेबद्दल बोलू, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. २०१६ मध्ये ती इंदिरा आवासच्या जागी आली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. महाराष्ट्रात यातले ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य. म्हणजे सपाट भागातल्या घराला ७२ हजार दिल्लीचे, ४८ हजार मुंबईचे. ठेकेदार नेमायचा नाही, घर लाभार्थ्यानेच बांधायचं.

मंजुरीनंतर पहिला हप्ता येतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात तो १५ हजार होता. मग काम जोत्यापर्यंत आलं की मोबाईल ॲपवर त्याचा फोटो काढतात. त्यात लोकेशन, तारीख, वेळ सगळं असतं. फोटो आवाससॉफ्ट नावाच्या सिस्टिमवर गेला, तपासून झाला, की पुढच्या हप्त्याची ऑर्डर निघते आणि पैसे थेट बँक खात्यात. मी कोड लिहिणारा माणूस, मला हे डिझाईन पटतं. पुरावा नाही तर पेमेंट नाही. जागेवर नसलेलं घर कागदावर पूर्ण दाखवणं त्यामुळे अवघड झालं.

पण १५ हजारात जोतं होतं का हो? खोदाई, दगड, सिमेंट, गवंड्याची मजुरी... आधी स्वतःचे घालायचे, मग सरकारचे येणार. ज्याच्याकडे नाहीत तो उसने घेतो, नाहीतर दुकानदाराकडे उधारी करतो. योजनेत ७० हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे, पण रोजंदारीवाला बँकेला उत्पन्न काय दाखवणार? म्हणजे घराची सगळ्यात जास्त गरज ज्याला, तोच पायाशी अडकतो.

आता हिशोब. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण २६९ स्क्वेअर फूट. १ लाख २० हजार भागिले २६९: फुटाला ४४६ रुपये! रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळत होती, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८ हजार ८०. शौचालयाचे १२ हजार वेगळे. हे तिन्ही धरून फुटाला ५९५. तुमच्या गावातल्या गवंड्याला हा आकडा सांगून बघा, तो हसेल. राज्याने २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत ठेवली, तोही एक आधार. पण केंद्राने २०२४ मध्ये योजना २०२९ पर्यंत वाढवताना मूळ रक्कम २०१६ चीच ठेवली. सिमेंट-सळईचे भाव थोडेच तिथे थांबलेत?

घरातल्या किंवा ओळखीच्या कोणाचा हप्ता रखडला असेल तर योजनेच्या वेबसाईटवर त्यांचा नोंदणी क्रमांक टाका. फोटोच चढला नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत जाऊन तो काढून घ्यायला सांगा. ऑर्डर निघूनही पैसे आले नसतील तर बँकेत आधार जोडलंय का ते आधी बघा.