रुग्णसेवेची वाट धरताय? मग आधी मशाल घ्या!

मैत्रिणींनो, दौलताबादचा किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यात ‘अंधारी’ नावाचा भुयारी मार्ग आहे. आत शिरलेल्या शत्रूची वाट चुकावी, अशीच त्याची रचना! दवाखान्यात नोकरी करायची म्हणून उंबरठा ओलांडणाऱ्या बायकांची गत कधी कधी अशीच होते. वाट वाईट नसते, फक्त हातात मशाल नसते.

आमच्या वहिनींचंच पाहा ना. दौलताबादला माझ्या भावाची पेरू-सीताफळांची गाडी. मुलं शाळेत जाऊ लागली तशा वहिनींनी पाटल्या मोडल्या नि शहरात एका ठिकाणी ‘मेडिकल असिस्टंट’चा वर्षाचा कोर्स केला. प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर लागलं. पण नर्सच्या जागेसाठी गेल्या, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “तुमचा नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक?” तो कुठला असायला! त्या कोर्सला तशी मान्यताच नव्हती. पाटल्या गेल्या आणि वर्षही गेलं.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा: “हा कोर्स केल्यावर माझी नोंदणी कुठे होईल?” नर्सिंगसाठी संस्थेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहा. कुणाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

कोणती वाट कुणासाठी?

ए. एन. एम. हा कोर्स २ वर्षांचा. बारावी लागते, कला शाखेचीही चालते. जी. एन. एम. ३ वर्षांचा. दोन्हींसाठी वयाची अट साधारण १७ ते ३५. लग्न झालंय म्हणून दार बंद होत नाही, बरं का! जनरल ड्यूटी असिस्टंटचं प्रशिक्षण काही महिन्यांचं. यात रुग्णाला पुसून घेणं, भरवणं, कूस बदलणं ही कामं येतात. इंजेक्शन देणं नाही. आणि गावातच राहून काही करायचं असेल तर ‘आशा’ आहे. ही योजना २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. गावातली विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो २५ ते ४५ वयाची बाई त्यासाठी घेतात. मात्र ही पगारी नोकरी नव्हे, कामाच्या मोबदल्यावरचं काम आहे, हे आधीच समजून घ्या.

आजपासूनच घरी शिका

प्रवेशाची वाट पाहत बसू नका. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतो. घड्याळ लावून घरच्यांचं मोजायला शिका. चिठ्ठीवरच्या खुणा ओळखा: बी. डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी. डी. एस. तीनदा, एच. एस. झोपताना, एस. ओ. एस. गरज पडली तर. साबणाने हात धुवायचे ते ४० ते ६० सेकंद. नखं आणि अंगठेसुद्धा. कामावर रुजू होण्यापूर्वी काविळीच्या ‘बी’ प्रकारावरची लस घ्या. तिचे ३ डोस असतात, पहिल्यानंतर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. ती थेट सुयांच्या पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. आणि दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध द्यायचं नाही; आणि दवाखान्यात कळलेली गोष्ट नळावर बोलायची नाही, शेजारणीची असली तरी!

घरच्यांचीही तयारी हवी

रात्रपाळी आली की मुलांना कोण पाहणार, सकाळचं दूध कोण तापवणार, हे प्रवेशाआधीच सर्वांसमक्ष बोला. यजमानांना वरण-भात लावायला शिकवा. त्यात कमीपणा कसला? “परक्यांची घाण काढायची का?” असं सासूबाई म्हणाल्या तर चिडू नका. त्यांना रमाबाई रानड्यांचं सांगा. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं करून त्यांनी विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली. तेव्हाच्या बोलण्यापुढे आजचं बोलणं म्हणजे काहीच नाही!

आता वहिनींचं पुढे काय झालं, ते सांगते. वर्षभर त्या घुम्या होत्या. मग तिशीत पुन्हा अर्ज केला, या खेपेला यादी पाहून. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईनेच, नातवंडांची वेणीफणी आपल्याकडे घेतली. आज वहिनींची कौन्सिलकडे नोंद आहे. लसीकरणाच्या दिवशी आठच्या आत डबा घेऊन त्या घराबाहेर पडतात. भिंतीवरची चौकट मात्र जुनीच आहे, फक्त आतला कागद बदलला. विचारलं तर हसून म्हणतात, “अहो वन्सं, चौकटीचे पैसे तरी वसूल झाले!”

तुम्ही मात्र एकाच चौकटीत, एकदाच आणि खरा कागद लावा.