दांड्याच्या दीर्घिकेचा पत्ता

डिसेंबरअखेर रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास मुक्ताईनगरातून दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे तोंड करून पाहिले, की क्षितिजापासून साधारण ३३ अंशांवर अश्मंत हा तारकासमूह येतो. नुसत्या डोळ्यांना तिथे दोन-चार मंद तारे दिसतात. चांदणे नसेल तर आठ इंची दुर्बिणीत एक धुरकट आडवी रेघ उमटते. ती एनजीसी १३६५ ही दीर्घिका. लंडनहून ती क्षितिजावर जेमतेम डोके काढते. खान्देशातल्या आकाशप्रेमींनी आपल्या अक्षांशाचा हा फायदा घ्यायलाच हवा.

जेम्स डनलॉप यांनी १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातून ती नोंदवली. अंतर सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षे. अजिंठ्याचा काळा पाषाण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो निवून गेल्यानंतर हा प्रकाश तिथून निघाला.

या दीर्घिकेच्या मधोमध ताऱ्यांचा लांबलचक सरळ दांडा आहे आणि त्याच्या दोन टोकांतून दोन वळणदार भुजा निघतात. दांडा आपल्या आकाशगंगेतही आहे, पण ही तिच्या जवळपास दुप्पट मोठी. फिरत्या दांड्याच्या गुरुत्वामुळे वायूचे लोट एकमेकांवर आदळतात, त्यांचा वेग मोडतो आणि पाटाने पाणी बागेत यावे तसा वायू केंद्राकडे वाहू लागतो. छायाचित्रांतल्या धुळीच्या काळ्या पट्ट्या म्हणजे याच आघातांच्या खुणा. केंद्राभोवती त्या वायूतून तारे जन्मतात. थोडा वायू सूर्याच्या सुमारे २० लाख पट वस्तुमानाच्या कृष्णविवरात जातो. २०१३ मध्ये क्ष-किरणांवरून या विवराची गिरकी मोजली गेली. ती प्रचंड वेगवान निघाली.

हा वायू किती काळ पुरेल, हे मात्र दीर्घिका राहते कुठे यावर ठरते, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. एनजीसी १३६५ अश्मंत दीर्घिकासमूहाच्या बाहेरच्या भागात आहे. समूहाच्या मध्यावर एनजीसी १३९९ ही लंबगोल दीर्घिका, तिच्याभोवती कोटभर अंशांहून तप्त विरळ वायू. त्या तप्त वायूतून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेचा थंड वायू मागे खेचला जातो, तारेनिर्मिती मंदावते. समूहाच्या आतल्या भागात भुजा नसलेल्या, नवे तारे जवळपास न घडवणाऱ्या भिंगाकृती दीर्घिका आढळतात. त्यांतल्या काही एकेकाळी सर्पिल असाव्यात, असे अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात.