भाड्याच्या घरांची दुरुस्ती (कर्जत व खालापूर तालुके)

भाड्याच्या घरांची दुरुस्ती ही महाराष्ट्रात प्रामुख्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याच्या कक्षेत येते. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याच्या कलम १४ ने घरमालकावर टाकली आहे. मात्र घर कोणत्या क्षेत्रात आहे आणि ते कोणत्या प्रकारच्या कराराने दिले आहे, यांनुसार रहिवाशाचे हक्क बदलतात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत नगरपरिषदांची शहरे आणि ग्रामपंचायतींची गावे शेजारी-शेजारी असल्याने हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

स्थानिक परिस्थिती

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून येथे वर्षाला साधारणतः ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कौलारू व पत्र्याच्या घरांची गळती, भिंतींना येणारी ओल, स्लॅबमधील गंजलेल्या सळया आणि तुंबलेली गटारे या येथील नेहमीच्या तक्रारी होत. घर शाकारणे, पत्रे बदलणे, गच्चीचे जलरोधन करणे ही कामे पावसाळ्यापूर्वीच उरकावी लागतात. मुंबई उपनगरी रेल्वेची कर्जत व खोपोली ही टोकाची स्थानके आणि खोपोली-खालापूर परिसरातील कारखाने यांमुळे नोकरदारांकडून भाड्याच्या घरांना मागणी असते.

पार्श्वभूमी

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ अन्वये प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलेले होते. गोठलेल्या भाड्यात डागडुजीचा खर्च निघत नसल्याने मालकांनी इमारतींकडे दुर्लक्ष केले. मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये प्रमाण भाड्याच्या या तरतुदी कालबाह्य व अवाजवी ठरविल्या. त्यानंतरच्या १९९९ च्या अधिनियमाने मालकास दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. मुंबई शहरातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. तशी यंत्रणा कर्जत-खालापुरात नाही. त्यामुळे येथे दुरुस्तीचा प्रश्न मालक, रहिवासी आणि न्यायालय यांच्यातच सुटतो.

भाडेकरूचे हक्क

कलम १४ नुसार, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास, घर सुस्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने टपालाने किंवा अन्य मार्गाने लेखी नोटीस बजावल्यापासून १५ दिवसांत मालकाने दुरुस्तीकडे दुर्लक्ष केल्यास भाडेकरू स्वतः काम करून घेऊ शकतो व खर्च भाड्यातून वळता करू शकतो. चाळीतील अनेक भाडेकरूंना एकत्रितपणेही नोटीस देता येते. वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. उदाहरणार्थ, मासिक भाडे ६,००० रुपये असल्यास वार्षिक भाडे ७२,००० रुपये होते व वळतीची मर्यादा १८,००० रुपये ठरते. भाडेकरूने ठेवलेला हिशेब व पावत्या हा खर्चाचा पुरावा मानला जातो. म्हणून नोटिशीची प्रत व पोच, कामापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे, तसेच साहित्य व मजुरीच्या पावत्या जपून ठेवणे आवश्यक असते.

नोटीस न देता काम करणे किंवा निषेध म्हणून संपूर्ण भाडे थांबविणे हे या तरतुदीत बसत नाही. भाडे थकल्यास मालक मागणीची नोटीस देऊ शकतो आणि ९० दिवसांनंतर कलम १५ अन्वये ताब्याचा दावा लावू शकतो. अशा वेळी दुरुस्तीची तक्रार खरी असूनही घर गमावण्याचा धोका निर्माण होतो.

घर रिकामे केल्याशिवाय दुरुस्ती शक्य नसल्यास मालक न्यायालयाकडे ताबा मागू शकतो. परंतु दुरुस्तीनंतर पुन्हा राहावयास येण्याचा पर्याय भाडेकरूस असतो. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, स्वच्छता यांसारख्या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाविना तोडण्यास कलम २९ ने मनाई केली आहे. त्या पूर्ववत करण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

लिव्ह अँड लायसन्स करार

आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात. असा परवानाधारक कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसल्याने कलम १४ चा लाभ त्यास मिळत नाही. त्याचा मुख्य आधार करारातील दुरुस्तीचे कलम हाच असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार मालकास ठाऊक असलेला व परवानाधारकास ठाऊक नसलेला धोकादायक दोष उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. त्यापलीकडे हा कायदा दुरुस्तीची हमी देत नाही. त्यामुळे गळती, नळजोडणी, वीजतारा यांची जबाबदारी कोणाची आणि ती किती दिवसांत पार पाडावयाची, हे सही करण्यापूर्वीच करारात लिहून घेणे निर्णायक ठरते. कराराची नोंदणी करून देण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी रहिवाशाचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

भाडे नियंत्रणाबाहेरील घरे

अधिनियम त्याच्या अनुसूचींतील व शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांपुरताच लागू होतो. एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भाड्याने दिलेल्या जागाही त्यातून वगळल्या आहेत. कारखान्याने स्वतःच्या नावे घेतलेल्या कर्मचारी निवासांबाबत ही अट लक्षात घ्यावी लागते. इतर ठिकाणच्या भाडेपट्ट्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम १०८ नुसार मालकावर दुरुस्ती बंधनकारक असेल आणि नोटिशीनंतर वाजवी मुदतीत त्याने ती केली नाही, तर भाडेपट्टेदार ती करून खर्च व्याजासह वळता करू शकतो. येथे दुरुस्तीचे बंधन करारातून सिद्ध करावे लागते.

दाद मागण्याची व्यवस्था

लघुवाद न्यायालय नसलेल्या भागात भाडे नियंत्रणाखालील दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. कर्जत व खालापूर या दोन्ही ठिकाणी अशी न्यायालये आहेत. निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. नगरपरिषद हद्दीतील इमारत धोकादायक झाल्यास नगरपरिषदेकडे तक्रार करता येते. मात्र अशा कारवाईत इमारत पाडण्याचाही आदेश निघू शकत असल्याने, मोडकळीस येण्यापूर्वीच वेळेवर नोटीस देणे रहिवाशाच्या हिताचे असते. पावसाळा जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे पंधरा दिवसांची मुदत आणि कामाचा कालावधी धरून ही नोटीस एप्रिलमध्येच देणे सोयीचे ठरते.