झिपविथ

झिपविथ हे फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील एक उच्चश्रेणी फलन आहे. दोन आदाने घेणारे एक फलन आणि दोन याद्या त्याला दिल्या असता, ते दोन्ही याद्यांतील समान क्रमांकाचे घटक जोडीजोडीने त्या फलनाला पुरवते आणि येणाऱ्या उत्तरांची तिसरी यादी तयार करते. पहिल्या घटकाची गाठ पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी, याप्रमाणे हा क्रम चालतो. हास्केल या भाषेत हे फलन याच नावाने मिळते. अन्य भाषांत हेच काम मॅप, मॅप२, मॅपकार, झिप अशा नावांनी चालते.

[१, २, ३] आणि [१०, २०, ३०] या याद्यांना बेरजेचे फलन लावले, तर

झिपविथ (+) [१, २, ३] [१०, २०, ३०] = [११, २२, ३३]

असे उत्तर मिळते. शालेय गणितात सदिशांची बेरीज करताना घटकशः बेरीज करतात, ती हीच क्रिया होय. फरक इतकाच, की येथे बेरजेच्या जागी कोणतेही द्विपदी फलन चालते आणि याद्यांतील घटक संख्याच असावेत असे बंधन नाही. एका यादीत नावे व दुसरीत आडनावे असतील, तर जोडणाऱ्या फलनाच्या साहाय्याने पूर्ण नावांची यादी मिळते.

नाव

पिशवीच्या किंवा कपड्याच्या झिपला, म्हणजे बोलीतल्या चेनला, समोरासमोर दातांच्या दोन रांगा असतात. सरकणारी पट्टी वर नेली की दोन्ही बाजूंचा एकेक दात एकमेकांत अडकत जातो. झिप हे फलन दोन याद्यांच्या अशाच क्रमित जोड्या करते. झिपविथ त्यापुढे एक पाऊल जाते. जोडी नुसती न ठेवता ती दिलेल्या फलनातून काढून घेते. त्यामुळे 'जोडी करणे' हेच फलन म्हणून दिले की झिपविथमधून झिप मिळते. उलट, आधी झिप करून मग प्रत्येक जोडीवर फलन लावले, तरी झिपविथचेच उत्तर येते.

व्याख्या

हास्केलमधील व्याख्या दोन ओळींची आहे. देवनागरीत ती अशी लिहिता येईल :

झिपविथ फ (क : कशेष) (ख : खशेष) = (फ क ख) : झिपविथ फ कशेष खशेष
झिपविथ फ _ _ = []

पहिल्या ओळीचा अर्थ असा, की दोन्ही याद्यांत निदान एकेक घटक असेल, तर त्या दोन घटकांना फ लावून उत्तराचा पहिला घटक मिळवावा आणि उरलेल्या याद्यांसाठी हीच क्रिया पुन्हा करावी. दुसऱ्या ओळीनुसार अन्य कोणत्याही परिस्थितीत, म्हणजे दोहोंपैकी एक जरी यादी संपली, तरी उत्तर रिकामी यादी असते. म्हणून उत्तराची लांबी नेहमी आखूड यादीइतकी भरते.

फलनाचा प्रकार (अ → ब → क) → [अ] → [ब] → [क] असा आहे. दोन्ही याद्यांतील घटक एकाच प्रकारचे असण्याची गरज नाही, हे यातून दिसते. तसेच, ज्यांच्यावरून भाषेला नाव मिळाले त्या तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांच्याच आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या करीइंग पद्धतीमुळे सर्व आदाने एकदम देणेही आवश्यक नसते. नुसते 'झिपविथ (+)' एवढे लिहिले, तर ते स्वतःच एक नवे फलन होते, दोन याद्यांची घटकशः बेरीज करणारे.

फ क्रमनिरपेक्ष असेल, तर याद्यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. वजाबाकीच्या बाबतीत अर्थातच बदलते. उत्तरातील कोणताही घटक दुसऱ्या घटकावर अवलंबून नसतो. त्यामुळे हे काम अनेक प्रक्रियकांत वाटून देण्यासही सोयीचे असते.

असमान लांबीच्या याद्या

या फलनाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. यादी लहान-मोठी असेल तर काय करावे, याचे उत्तर निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे दिले आहे, आणि त्या उत्तरावर हिशेबाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो.

एका वर्गातील पाच विद्यार्थ्यांचे लेखी परीक्षेचे ८० पैकी गुण [६२, ४८, ७१, ५५, ३९] आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी गुण [१७, १५, १८, १६, १४] असे असतील, तर बेरजेची यादी [७९, ६३, ८९, ७१, ५३] अशी येते. आता दुसऱ्या विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण नोंदवायचे राहून गेले आणि ती यादी [१७, १८, १६, १४] अशी चारच घटकांची झाली, असे समजू. झिपविथ कोणतीही तक्रार न करता [७९, ६६, ८७, ६९] हे उत्तर देते. पाचवा विद्यार्थी यादीतून नाहीसा होतो, हे एक वेळ मोजणीत लक्षात येईल. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या विद्यार्थ्यांच्या नावावर शेजाऱ्याचे गुण चढले आहेत, हे आकड्यांकडे पाहून कळण्याचा मार्ग नाही. एकही बेरीज शंभरावर गेलेली नाही, एकही विसंगत दिसत नाही. आज्ञावली बंद पडली असती तर चूक तत्काळ सापडली असती. येथे ती गुणपत्रिकेवर छापली जाते.

हास्केल, क्लोजर आणि कॉमन लिस्प या भाषा आखूड यादीशी थांबतात. स्कीम या लिस्पच्या शाखेत पाचव्या प्रमाण अहवालानुसार सर्व याद्या समान लांबीच्या असणे बंधनकारक होते. २०१३ च्या सातव्या अहवालाने मात्र सर्वांत आखूड यादी संपताच थांबण्याचा नियम स्वीकारला. ओकॅमलमधील मॅप२ लांबी जुळली नाही तर त्रुटी दाखवून थांबते. स्टँडर्ड एमएलने दोन्ही सोयी ठेवल्या आहेत : लिस्टपेअर या विभागात मॅप हे फलन उरलेले घटक सोडून देते, तर मॅपईक्यू हे फलन लांबी असमान असल्याचे जाहीर करते. ही दोन वेगळी नावे ठेवण्याची पद्धत सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण लिहिणाऱ्याला आपला हेतू तेथेच स्पष्ट करावा लागतो.

पायथनचा प्रवास वेगळा आहे. दुसऱ्या आवृत्तीत मॅपला दोन याद्या दिल्यास आखूड यादीच्या शेवटी 'नन' ही रिक्त किंमत भरली जाई. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून मॅप आखूड यादीशी थांबू लागले. पुढे २०२१ मधील ३.१० या आवृत्तीत झिपला 'स्ट्रिक्ट' हा पर्याय मिळाला. तो दिला असता लांबी न जुळल्यास त्रुटी येते. आर या सांख्यिकीच्या भाषेत आखूड यादी पुन्हा पहिल्यापासून वापरली जाते. तेथे (१, २, ३, ४) आणि (१०, २०) यांची बेरीज (११, २२, १३, २४) होते. मोठी लांबी लहान लांबीच्या पटीत नसेल तरच इशारा मिळतो, एरवी नाही. सी++ मधील ट्रान्सफॉर्म तर दुसरी यादी पुरेशी लांब आहे असे गृहीतच धरते. तशी ती नसल्यास काय घडेल याची भाषा हमी देत नाही.

लांबी तपासल्याने सर्व चुका पकडल्या जातात असेही नाही. वरील उदाहरणात एकाचे गुण गळले आणि दुसऱ्या कोणाचे दोनदा लिहिले गेले, तर लांबी जुळेल आणि उत्तर तरीही चुकेल. याद्यांची जोडणी केवळ स्थानावरून होते, ओळखीवरून नव्हे. म्हणून ज्या माहितीला हजेरी क्रमांकासारखी स्वतःची खूण आहे, तिच्यासाठी खुणेनुसार जोडणारी फलने अधिक सुरक्षित ठरतात. हास्केलच्या मॅप या संरचनेतील 'इंटरसेक्शनविथ' आणि 'युनियनविथ' ही तशी फलने आहेत.

यादीची स्वतःशीच जोडणी

झिपविथचा एक सुंदर उपयोग म्हणजे यादी आणि तिचीच एक घर सरकवलेली प्रत यांची जोडणी. पहिला घटक वगळून उरणाऱ्या यादीला हास्केलमध्ये टेल म्हणतात. विजेच्या मीटरवरील मासिक नोंदी [१२४०, १३१५, १३८२, १४७०] अशा असतील, तर लगतच्या नोंदींच्या वजाबाकीतून [७५, ६७, ८८] हा दरमहाचा वापर मिळतो. वजाबाकीऐवजी 'लहान किंवा समान' ही तुलना वापरली, तर यादी चढत्या क्रमाने आहे की नाही हे ठरवता येते.

येथे आदानांच्या क्रमाला महत्त्व आहे. हास्केलमध्ये रिकाम्या यादीची टेल काढणे ही चूक समजली जाते. तथापि झिपविथ आधी पहिली यादी पाहते, आणि ती रिकामी आढळली तर दुसरीकडे वळतच नाही. त्यामुळे मूळ यादी पहिली व टेल दुसरी ठेवल्यास रिकाम्या यादीवरही आज्ञावली सुखरूप चालते. उलट क्रमाने ठेवल्यास ती कोसळते.

याच कल्पनेतून फिबोनाची श्रेढीची प्रसिद्ध एका ओळीची व्याख्या निघते :

फिब = ० : १ : झिपविथ (+) फिब (टेल फिब)

श्रेढीची व्याख्या श्रेढीच्याच आधारे केलेली असल्याने प्रथमदर्शनी ही ओळ चक्राकार वाटते. पण हास्केलमध्ये कोणतीही किंमत गरज पडेपर्यंत काढली जात नाही. आरंभीचे ० आणि १ हाती असतात. त्यांच्या बेरजेतून तिसरे पद १ मिळते, ते मिळताच १ आणि १ यांच्यापासून चौथे पद २ मिळते, आणि याप्रमाणे उत्तर नेहमी गरजेच्या एक पाऊल पुढे तयार असते. यादी अनंत असली तरी मागितली तेवढीच पदे काढली जातात. या संख्यांची ओळख भारतीय छंदःशास्त्राला फिबोनाची याच्या १२०२ मधील ग्रंथापूर्वीच होती. लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरून ठरावीक मात्रांचे चरण किती प्रकारे बांधता येतात, हे मोजताना विरहांक व नंतर बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी मागील दोन संख्यांच्या बेरजेचा हाच नियम दिला आहे. चार मात्रांचे पाच प्रकार होतात, पाच मात्रांचे आठ.

पूर्वेतिहास

जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पवरील १९६० च्या निबंधात मॅपलिस्ट हे फलन एकाच यादीवर चालणारे आहे. एकाहून अधिक याद्या घेणारे मॅपकार कॉमन लिस्पमध्ये आढळते. केनेथ आयव्हरसन यांच्या एपीएलमध्ये अशा स्वतंत्र फलनाची गरजच पडत नाही. तेथे बेरजेचे चिन्ह दोन रांगांमध्ये लिहिले की घटकशः बेरीज होते, आणि लांबी जुळली नाही तर त्रुटी येते. डेव्हिड टर्नर यांच्या १९८५ मधील मिरांडा या भाषेत हे फलन मॅप२ या नावाने होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या हास्केल ९८ च्या अहवालातील मूळ संग्रहात झिपविथ आणि तीन याद्यांसाठीचे झिपविथ३ ही दोन्ही आहेत. सात याद्यांपर्यंतची भावंडे वेगळ्या विभागात ठेवलेली आहेत.

इतर जोडण्यांशी संबंध

दोन याद्या एकत्र आणण्याची दुसरी रीत म्हणजे कार्टेशियन गुणाकार, ज्यात पहिल्या यादीतील प्रत्येक घटकाची दुसरीतील प्रत्येक घटकाशी गाठ पडते. सुरुवातीच्या उदाहरणातील याद्यांना ही रीत लावली तर तीनऐवजी नऊ बेरजा मिळतात. हास्केलमध्ये 'लिफ्टए२' हे फलन याद्यांवर याच रीतीने चालते, त्यामुळे नवशिक्यांचा येथे नेहमी गोंधळ होतो. कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटर्सन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ॲप्लिकेटिव्ह ही व्यापक संकल्पना मांडली. तिच्यानुसार यादीचे हे दोन्ही वर्तन ग्राह्य आहेत. जोडीजोडीने चालणाऱ्या वर्तनासाठी यादीला झिपलिस्ट हे वेगळे वेष्टन दिले जाते, आणि ते दिल्यावर लिफ्टए२ झिपविथचेच काम करते. याद्या कितीही असल्या तरी ही पद्धत चालते, म्हणून झिपविथ४, झिपविथ५ अशा क्रमांकित फलनांची त्यात गरज उरत नाही.