ट्रेड कुठला घेतलास?



गेल्या गणेशोत्सवात देणगीची पावती फाडत असताना एका सभासदांनी आम्हाला विचारलं, "अहो, सरकारी आयटीआयची फी ती केवढी! त्यासाठी एवढा निधी कशाला गोळा करताय?" प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्यापाशी होतं, पण ते आरतीच्या रांगेत उभं राहून सांगण्याएवढं लहान नव्हतं. म्हणून यंदाच्या स्मरणिकेतली ही दोन-तीन पानं आम्ही, शिक्षण निधी समितीने, मागून घेतली आहेत.

थोडक्यात सांगायचं तर पैसा फीसाठी लागत नाही. मुलाला योग्य ट्रेड निवडता यावा आणि निवडलेला ट्रेड शेवटपर्यंत नेता यावा, यासाठी तो लागतो. आता जरा सविस्तर.

आपल्यातले कितीतरी जण इथे आखातात आले ते मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन. एजंटच्या शेडमध्ये पंचेचाळीस अंशात तिरका बांधलेला पाइप, तो फिरवायचा नाही, आणि "सिक्स-जी मारून दाखव" असा हुकूम. हे ज्यांनी केलंय त्यांना ट्रेड म्हणजे काय हे सांगायला नको. पण आपले निम्मे देणगीदार कॉलेजातून आलेले आहेत, बँकेत, ऑफिसात आहेत. त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली. महाराष्ट्रात आज चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत, खाजगी वेगळ्या. मुलगा दहावीनंतर (काही ट्रेडना आठवीनंतरही) एक ट्रेड घेतो आणि ट्रेडप्रमाणे एक किंवा दोन वर्षं शिकतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कॉम्प्युटर ऑपरेटर अर्थात 'कोपा' हे एका वर्षाचे. त्यानंतर येते अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, १९६१ च्या कायद्याखाली. आयटीआय झालेल्याला ती बहुतेक ट्रेडमध्ये साधारण वर्षभराची असते. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. २०१६ पासून काही आयटीआयमध्ये जर्मन धर्तीवरची 'ड्युअल' पद्धतही आली आहे. त्यात शिक्षण चालू असतानाच मुलाचे काही महिने कारखान्यात जातात. ज्या आयटीआयच्या जवळ चांगला कारखाना आहे तिथे ही सोय सोन्यासारखी, नाहीतर नावापुरती.

कागदावर सगळं सरळ आहे. घोळ होतो तो फॉर्म भरताना.

प्रवेश आता केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन होतो. दहावीचा निकाल लागला की मुलगा तालुक्याच्या सायबर कॅफेत जातो. आयटीआय आणि ट्रेड यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरायच्या असतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांमधून नाव बाद. म्हणजे सगळ्यात वर काय लिहिलं, याला लॉटरीच्या तिकिटापेक्षा जास्त किंमत आहे. आणि हे वरचं नाव कोण लिहितं? बऱ्याचदा कॅफेवाला. "तुझ्या गावाहून एस.टी. कुठे जाते रे? मग तिथलंच टाकू." पंधरा मिनिटांत फॉर्म पूर्ण, प्रिंट हातात, पुढचा नंबर.

यात कॅफेवाल्याचा दोष नाही. मुलाच्या घरी तरी वेगळं काय बोलणं होतं? "शेजारच्या बंड्याने इलेक्ट्रिशियन केलं, तूपण कर." "एक वर्षाचं घे, लवकर कमावता होशील."

हे शेवटचं वाक्य आम्हीही एकदा बोललो आहोत आणि त्याचं आम्हाला वाईट वाटतं. खेड तालुक्यातला एक मुलगा होता, वडील नाहीत, आई काजूच्या कारखान्यात. वर्षाचाच खर्च म्हणून आम्ही त्याला वेल्डर घ्यायला सांगितलं आणि वर्षभर मदत केली. मुलगा हुशार, हात चांगला. पास झाला तेव्हा वय सोळा पूर्ण, सतरावं चालू. त्याच्या घराजवळची औद्योगिक वसाहत म्हणजे लोटे-परशुराम, आणि लोट्यात प्रामुख्याने केमिकलचे कारखाने. अप्रेंटिसशिपला कायद्याने वयाची अट आहे चौदा वर्षं पूर्ण, पण धोकादायक उद्योगांशी संबंधित ट्रेडसाठी ती अठरा आहे. ही अट आम्हाला माहीतच नव्हती! मुलगा दीड वर्षं कुठे थांबणार? खिडक्यांच्या ग्रिलच्या दुकानात रोजावर गेला. पुढे अठराचा झाल्यावर आम्ही फोन केला तर म्हणाला, "काका, आता रोज सोडून शिकायला कसा जाऊ?" नंतर त्याने आमचे फोन घेणंच सोडलं.

तेव्हापासून आम्ही उलट्या बाजूने विचार करायला लागलो. आधी अप्रेंटिसशिप कुठे मिळेल ते बघायचं आणि मग ट्रेड ठरवायचा. रायगड-रत्नागिरीच्या मुलासाठी हा हिशोब असा मांडता येतो: रोहा, महाड, लोटे हा पट्टा रसायनांचा. रासायनिक कारखान्यांसाठी आयटीआयमध्ये खास ट्रेड आहेत. अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, त्याच कारखान्यांतला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मेंटेनन्स मेकॅनिक. नावं लांबलचक, म्हणून मुलं घाबरतात. त्यांना दहावीला विज्ञान-गणित लागतं आणि ते दोन वर्षांचे आहेत. म्हणजे बाहेर पडेपर्यंत मुलगा अठराच्या आसपास पोचलेला असतो आणि वयाची अडचण सहसा आपोआप सुटते. पुणे-चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इकडे गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने, तिथे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर. नाशिकजवळ ओझरला एच.ए.एल. आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेते. एस.टी. महामंडळ आपल्या आगारांमध्ये मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वेल्डर घेतं. मध्य रेल्वे मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर या विभागांत घेते, तीही दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर, आणि रेल्वेच्या लेव्हल-१ च्या भरतीत अशी अप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. माझगाव डॉकमध्ये पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर असे जहाजबांधणीचे ट्रेड. आखातातल्या आपल्या जुन्या मंडळींपैकी काहींचा हात तिथेच तयार झाला.

पण नुसती नोकरी बघून ट्रेड घेणंही बरोबर नाही, मुलगा बघायला हवा. फिटरचे पहिले कित्येक आठवडे म्हणजे लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासणं. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडाची फट दिसली की पुन्हा घासायचं. ज्या मुलाला हे कंटाळवाणं वाटतं तो पुढे व्हर्नियर-मायक्रोमीटरच्या मापातही चुकतो. ज्याला त्या फटीचा राग येतो, तो फिटर. (आमच्या समितीतले एक काका चाळीस वर्षांनंतरही घराच्या दाराला गुण्या लावून बघतात!) वेल्डरला स्थिर हात हवा आणि उष्णता, वाकडंतिकडं बसणं सोसायची तयारी हवी. दम्याचा त्रास असलेल्या मुलाने तिकडे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रिशियनला डोकं शांत पाहिजे. या ट्रेडला मागणी मोठी, कारण महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन लागतो. पण सगळे त्याच आशेने येतात, तेव्हा चढाओढही तेवढीच. भरती निघाली नाही तर मोटर, पॅनेल, एसी यातलं काहीतरी हाताशी असायला हवं, हे मुलांना आधीच सांगावं लागतं. 'कोपा'बद्दल आमचं मत थोडं कडू आहे. कॉम्प्युटर म्हणजे पंख्याखालची नोकरी असं समजून आई-वडील पाठवतात. बी.कॉम. करता करता जोडीला केलं तर ठीक, नुसत्या त्याच्या भरवशावर घर चालणं कठीण.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. एका वर्षाच्या ट्रेडला तो रस्ता बंद. आज शिकायची इच्छा नसलेल्या मुलाला तीन वर्षांनी ती होऊ शकते. तेव्हा दार उघडं राहिलेलं बरं.

मुलींबद्दल. महाराष्ट्रात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, तरी घरून आणि कॅफेतून त्यांना शिवणकाम नाहीतर ब्युटी पार्लरकडेच ढकललं जातं. शिवणकाम वाईट नाही, आवडीने घेतलं तर. पण इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, मशिनिस्ट यात मुली उत्तम काम करतात. अडचण ट्रेडची नसते, राहण्याची असते. मुलगी चाकणला एकटी कुठे राहणार, या प्रश्नाला घरच्यांकडे उत्तर नसतं आणि मग ट्रेडच बदलला जातो.

इथे येतो पैशाचा प्रश्न. अप्रेंटिसला पगार नसतो, विद्यावेतन असतं. २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याला महिना किमान ७००० रुपये ठरवले. २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेने विद्यावेतनाचे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. मोठ्या कंपन्या किमान रकमेपेक्षा जास्त देतात, कँटीन आणि बस असते. छोट्या कारखान्यात यातलं काही नसतं. आता हिशोब करा: कॉट बेसिसवर जागा, तिचं डिपॉझिट, मेस, सेफ्टी शूज, येण्याजाण्याचं भाडं. आणि पहिलं विद्यावेतन हातात पडतं ते पुढच्या महिन्यात. गावाकडच्या आईने हे पहिले दीड-दोन महिने कुठून काढायचे? म्हणून मुलं घराजवळच्या गॅरेजात जातात, जिथे 'ट्रेनी' म्हणून राबवून घेतात आणि करारपत्र नसतं. सरकारी पोर्टलवर करार नोंदला नसेल तर परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. दोन वर्षं शिकलेलं असं वाया जातं.

त्यामुळे आपला निधी आता तीन ठिकाणी जातो. पहिलं, घराजवळ योग्य ट्रेड नसेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाला. दुसरं, अप्रेंटिसशिपच्या सुरुवातीचं डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च, मात्र नोंदलेल्या कराराची प्रत पाहिल्यावरच. यावर काही सभासद आम्हाला कडक म्हणतात, म्हणू देत. तिसरं, ज्याचं वय कमी पडतं त्याला मधल्या काळात घरी बसावं लागू नये म्हणून एखादा जोड अभ्यासक्रम. फीसाठी आपण पैसे देत नाही. परतफेडीची अट नाही.

पैशाइतकीच दुसरी एक गोष्ट हवी आहे, ती म्हणजे आपला वेळ. दहावीच्या निकालानंतरचे दोन-तीन आठवडे, फॉर्म भरण्याआधी, मुलांना फोनवर बोलायला कामातली माणसं लागतात. "शटडाऊनला रात्रपाळी कशी असते," "उंचीवर काम करताना भीती वाटते का," हे सोळा वर्षांच्या मुलाला आमच्यासारखे हिशोब ठेवणारे सांगू शकत नाहीत. ज्याने पंचवीस वर्षं रिफायनरीत पाइप जोडले, तो सांगू शकतो. गेल्या वर्षी एका मुलाने असा अर्धा तास बोलून वेल्डरऐवजी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक वर टाकलं. तो आता दुसऱ्या वर्षाला आहे.

सोबतच्या फॉर्मवर देणगीची रक्कम आणि फोनसाठी वेळ देऊ शकाल का, असे दोन रकाने आहेत. दुसरा रकाना भरणार असाल तर नावापुढे आपला ट्रेड जरूर लिहा. आयटीआय करून किती वर्षं झाली, याने फरक पडत नाही.